घेत नाही की येत नाही

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

शून्य. डॉक्टरबाईंनी माझ्या फोटोपुढे शून्य लिहिलं!

शुक्रवारी म्हापशाला नको म्हणत होतो. बाजाराची गर्दी. परतताना पेडण्याच्या बसमध्ये उभाच होतो — सत्तावीस वर्षं याच मार्गावर कंडक्टरकी करून. एका बाईने पद्माला जागा दिली. चेहरा बघताच तिचा स्टॉप आठवला, धारगळ. नाव काय, ते मला कधीच माहीत नव्हतं. आणि मी निघालोय बायकोची परीक्षा घ्यायला.

तर दवाखान्यात डॉक्टरबाई एकेक फोटो दाखवून विचारत होत्या, "हे कोण?" आमची मुलगी सिद्धी — "आमचां चेडू. डिचोलेक दिलेला." नातू साईश — "ह्येका खीर आवडता." सगळं बरोबर, नाव तेवढं एकाचंही नाही. मग माझा फोटो. पद्मा लाजून हसली, पदर ओढला, खाली बघत राहिली.

मी म्हटलं, "बाई, एकेचाळीस वर्षांत हिने माझं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ती घेणारच नाही."

"काका, घेत नाही की येत नाही?"

मला ठाऊक नाही.

२ ऑगस्ट

डॉक्टरबाईंचं म्हणणं लिहून ठेवतो, नाहीतर मीच विसरेन. मेंदूत चेहरे एकीकडे, नावं दुसरीकडे. मधली वाट पद्माची बुजत चालली आहे. दारावरचा पोदेर म्हटला की पाव आला, सायकल आली, सकाळचा भोंगा आला. नावाला असं काही चिकटलेलं नसतं, म्हणून ते आधी सुटतं. औषधाने वाट उघडत नाही. दारापर्यंत येऊन हळूच म्हणाल्या, पुढे चेहरेही जातील.

आज मात्र चहा नेहमीसारखाच — स्टीलच्या पेल्यात, बिनसाखरेचा. पाहुण्यांना कपबशी, मला पेला. म्हणजे चेहरा तरी अजून आहे.

६ ऑगस्ट

वही केली. एका पानावर एक फोटो. रोज सकाळी चहानंतर तासभर. सिद्धीचं पान दहा वेळा. "माका ठावक आसा, पण तोंडार येयना," म्हणते आणि माझ्याकडेच बघते, जणू मी तिकीट देणार आहे.

माझं पान शेवटी ठेवलंय.

२८ ऑगस्ट

चवथीला सगळे आले. पद्माने कुणाला तिखट चालत नाही, कुणाला पातोळ्या दोन जास्त, बरोबर वाढलं. कुणाला नावाने हाक नाही. साईश म्हणाला, "आजी, माझं नाव सांग." ती त्याचे गाल चाचपत राहिली. पोर हिरमुसलं.

निघताना सिद्धी म्हणाली, "बाबा, तिका त्रास दिवं नकात."

मी त्रास देतो! बरं.

९ सप्टेंबर

आज शेवटचं पान उघडलं. म्हटलं, आता घरात आपण दोघंच. सासू नाही, सासरा नाही. एकदा घे नाव. पाप लागलं तर मला लागू दे.

हसली. तोंडावर पदर.

दिवसभर मी खूश होतो. म्हणजे येतंय, घेत नाहीये! नाव आत जपून ठेवलंय तिने. मग संध्याकाळी वाटलं, काही येत नसलं की माणूस असंच हसतं. डॉक्टरबाईंपुढेही ती असंच हसली होती.

१० सप्टेंबर

नाही.

१९ सप्टेंबर

चिडलो. "गुरुदास म्हण. गु-रु-दा-स." शाळेतल्या मास्तरासारखा वहीवर बोट आपटत होतो. ती रडली. "असा काय करतास," म्हणाली. मी परसात जाऊन उभा राहिलो. स्वतःची किळस आली.

मला नक्की काय हवंय? एकदा ऐकायचंय. तिला मी आठवतो, एवढं एकदा कळलं की पुढचं सगळं सोसेन. उखाण्यात तिने घेतलं, तेव्हा ताशेवाले वाजवत होते. मला नीट ऐकूच आलं नव्हतं. हे तिला कधी सांगितलं नाही.

४ ऑक्टोबर

आज चहाला साखर होती. चुकून पडली असेल.

११ ऑक्टोबर

वही तशीच. तिने सिद्धीचा फोटो उलटा धरला होता. मी सरळ केला नाही.

१५ ऑक्टोबर

आज तिने माझं नाव घेतलं.

बाजारातून आलो, पायरीवर चपला काढत होतो. ती दारात आली. डोक्यावर पदर घेतला आणि अगदी स्पष्ट, न अडखळता म्हणाली, "बसा, गुरुदासभाऊ. आमचे घरात नायत. येतलेच आता."

मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो. तिने कपबशीतून चहा आणला.