उजवी कळी

निघोजे,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. अर्जुनभाऊजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक. वाकडला तुम्ही, विजयश्री, क्षितिज सुखरूप असाल. यंदा हळद घरीच कुटली, तुमचा वाटा डब्यात भरून ठेवला आहे. डबा तेवढा परत करावा, घट्ट झाकणाचा तो एकच आहे. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या दादांना लघवीचा त्रास होत होता. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. दुसरं कसं लिहायचं ते मला समजत नाही.

एमआरआय झाला. मशीनमधून बाहेर येऊन म्हणाले, "कौशल्ये, आमच्या प्रेसशॉपमधी याच्यापरीस शांतता असती." तिथली नर्स हसली. मीही हसले.

मग डॉक्टर मॅडमनी फिल्म उजेडाला धरली. ऑपरेशननंतर काय होईल याचा अंदाज त्यांना आधीच बांधता येतो म्हणे. प्रोस्टेटखालचा मूत्रनळीचा तुकडा लांब असला की लघवीवर ताबा लवकर येतो. दादांचा आखूड आहे. "गळती बरेच महिने राहील, थोडी कायमचीही राहू शकते. अंदाज आहे हा, काका, खात्री नव्हे."

रिक्षात बसल्यावर दादा म्हणाले, "माल अजून लाईनीवरून उतरला न्हाई, अन् यांनी रिजेक्टचा शिक्का मारला बी." आणि जरा वेळाने, "थेंब थेंब गळणारा माणूस सोवळं नेसून नाथाला हात लावणार व्हय?"

भैरवनाथाची पहाटेची पूजा करून मगच फर्स्ट शिफ्टला गेलेला माणूस. त्याच पूजेच्या पाळीवरून तुम्हा भावांचं बोलणं तुटलं, त्यांनी अर्धं वर्षसुद्धा तुम्हाला दिलं नाही. ते मी कशाला उगाळू.

ऑपरेशनला नकोच म्हणतात. मी भांडले, जेवले नाही. शेवटी एवढं कबूल केलं की नाथाच्या मूर्तीला उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवून कौल लावायचा. उजवी कळी आधी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर विषय संपला. पण पुजाऱ्याने स्वतःसाठी कौल लावायचा नाही, रक्ताच्या माणसाने लावायचा, ही आपल्या घरची रीत. "अर्जुन्यानं लावला तर मानीन," म्हणाले. वर, "पण त्यो कशाला येतोय."

या रविवारी पहाटे या, भाऊजी.

एक राहिलं. दादा रिपोर्टची पाकिटं घ्यायला गेले तेव्हा मॅडमनी मला तीच फिल्म पुन्हा दाखवली. गाठ कवचाबाहेर डोकावते आहे. ऑपरेशन केलं तरी पुन्हा उलटण्याची भीती आहे, मागाहून रेडिएशनही लागेल. पण आत्ता हाताशी आहे. थांबलो तर हाडांत जाईल. दादांना हे ठाऊक नाही. कळलं तर म्हणतील, मग कापायचं तरी कशाला?

मामंजींच्या शेजारी उभं राहून तुम्ही पुष्कळ कौल पाहिले. कळी ओलीचिंब असली की चिकटून राहते, कोरडी लगेच सुटते. मला हे दारातून बघून कळलं, तुम्हाला काय सांगायचं. उजवी कळी कोरडी लावा.

तुम्ही म्हणाल, नैवेद्याआधी चहासुद्धा न घेणारी वहिनी हे लिहिते? होय, मीच लिहिते. पाप लागायचं ते मला लागो. ऑपरेशननंतर पूजा तुमच्याकडेच येईल, आणि लोक म्हणतील, पाळीसाठी भावाने कौल फिरवला. दादाही म्हणतील. तेव्हा माझं नाव सांगू नका. त्यांचं बोलणं तेवढं ऐकून घ्या.

माथ्यावर 'श्री भैरवनाथ प्रसन्न' लिहिल्याशिवाय मी आजवर वाणसामानाची यादीसुद्धा केली नाही. आज या कागदावर ते नाही. विसरले नाही, भाऊजी. लिहायला हात धजला नाही.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
कौशल्यावहिनी