दोन्ही बाह्या डाव्या

म्हैसूर,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. भुवन यास अप्पांचा आशीर्वाद. सौ. स्मृतीला आणि माझ्या अमूल्यालाही.

इकडे ठीक आहे. खोकला गेला, गुडघा आहे तसाच. पिरियापट्टणला थंडी पडली असेल, बसच्या पहाटेच्या फेरीला कानाला काहीतरी गुंडाळून जात जा. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी चौथ्या वाक्याला ओरडतो आणि पाचव्याला तू फोन ठेवतोस. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून.

दसऱ्याला तू स्मृतीच्या हाती शिलाई मशीनची मोटर पाठवलीस. गुडघ्याला आराम पडावा म्हणून पाठवलीस, ते कळलं रे मला. मोटर झकास आहे. पाय नुसता टेकवून ठेवायचा, सुई आपली पळते.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. मोटर काढून ठेवलीय.

झालं काय, तुझे शाळेतले गणिताचे मास्तर, व्यासराज मेष्ट्रू, नातीच्या लग्नासाठी कोट शिवायला टाकून गेले. ट्रायलला आले, डावा हात घातला, छान. उजवा घातला तर बाही भलतीकडेच वळलेली. अय्यो! दोन्ही बाह्या डाव्या! कापडाची सुलट-उलट बघायचीच राहिली. बावन्न वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मेष्ट्रू आरशासमोर उभे राहून हसतायत.

मी म्हटलं, "मेष्ट्रे, ही मोटर लावल्यापासून चित्त ठिकाणावर राहत नाही. पाय चालत असला की सगळं लक्ष सुईवर असतं. पाय थांबला की मन गावभर हिंडून येतं."

तर म्हणाले, "तुमच्या भुवनचं असंच होतं की! बाकावर बसवलं तर पाढा येईना, आणि खडू आणायला पाठवला की दारातून जाता जाता उत्तर सांगायचा. मी दुकानात येऊन तुम्हाला सांगितलं होतं. आठवतं?"

आठवत नाही म्हणालो. खोटं बोललो.

दहावीच्या परीक्षेआधी तू पुस्तक हातात घेऊन माडीवर येरझाऱ्या घालायचास. मला ती उनाडकी वाटायची. मी तुला खाली दुकानात आणून बसवायचो आणि अस्तराच्या पट्टीनं तुझा पाय मशीनच्या पायाला बांधायचो. आणि मी? त्याच मशीनवर, तुझ्या शेजारी, दिवसभर पाय हलवत शिवत बसायचो! तुझ्या आईनं तुझा सोललेला घोटा दाखवला, तर म्हटलं, साकु, पुरे झाली नाटकं, हळद लाव. मग तू नापास झालास आणि मी गिऱ्हाइकांसमोर तुला मठ्ठ म्हटलं. कंडक्टर झालास तेव्हाही कुजकं बोललो. त्यानंतर तू या घराची पायरी चढला नाहीस.

गेल्या वर्षी मी मुद्दाम तुझ्या बसमध्ये चढलो होतो. तू विचारलंस, "कुठं?" मी म्हटलं, "हुणसूर." तिकीट दिलंस आणि पुढे गेलास. दोघांनीही ओळख दाखवली नाही. पण मी बघत होतो. गाडी खच्चून भरलेली, तू दारापासून मागच्या सीटपर्यंत सारखा चालतोयस, आणि कोण कुठं उतरणार ते तुला तोंडपाठ. झोपलेल्या म्हातारीला तिचा थांबा यायच्या आधी हलवून उठवलंस, तिची पिशवीसुद्धा आठवणीनं हातात दिलीस. मठ्ठ म्हणे! हुणसूरला उतरून मी स्टँडवरच्या बाकावर बसून रडलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा स्मृतीचा फोन आला. अमूल्या वर्गात स्वस्थ बसत नाही अशी शाळेतून तक्रार आली, म्हणून तू तिला रोज संध्याकाळी तासभर स्टुलावर बसवतोस म्हणे. आणि बुधवारी ओढणीनं तिचा पाय स्टुलाला बांधलास. भुवन, हे माझंच काम तू पुढे चालवतोयस. आठ वर्षांची पोर आहे ती. सोड तिला. बाप असून हात जोडतो तुझ्यापुढे.

येत्या रविवारी तिला इकडे घेऊन ये. मशीनचा पट्टा काढून ठेवतो, म्हणजे सुई हलायची नाही. पायडल मारत मारत म्हणू दे तिला तेराचा पाढा, बघ चुकते का. शाळेत काय सांगायचं ते मेष्ट्रू स्वतः येऊन सांगणार आहेत. काल बाह्या उसवून नीट लावून दिल्या तेव्हाच तसं कबूल करून घेतलं. तुला आत यावंसं नाही वाटलं तर नको येऊस, तिला दारात सोडून जा. पण तू आलास तर मला फार बरं वाटेल.

हे पत्रही मशीनवर बसून, पट्टा काढून, पाय हलवतच लिहिलंय. एरवी दोन ओळींच्या पुढे गेलो नसतो.

आणि एक. तुझा घोटा दुखत होता, ते मला तेव्हाही दिसत होतं.

तुझा पाय बांधणारा,
अप्पा