शेजारच्या खाटेवरचं मशीन

दादा, तुला आणि वहिनीला नमस्कार.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, नातू शांत झोपलाय.

खरं फक्त तुला लिहिते. व्हेंटिलेटर लावून, पालथं झोपवूनही पोराची फुप्फुसं दाद देत नाहीत. आता शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं मशीन हवं. ते इथं एकच आहे, शेजारच्या खाटेवरच्या बाईला लावलेलं. डॉक्टर म्हणाले, "तिला ते अजून दोन आठवडे लागेल." आपल्याकडे दोन दिवस आहेत. मी तिच्या मरणाची वाट बघते, दादा.

तिचा नवरा रोज मला आपल्या डब्यातलं अर्धं देतो. आज जेवताना म्हणाला, "मावशी, हिनं डोळे उघडले! तुमचे आशीर्वाद!"

मला रडू कोसळलं. आनंदाचं समजून त्यानंच माझे डोळे पुसले.

तुझी धाकटी