बाबांबरोबर पक्षी बघायला

प्रिय धाकट्या,

काल बाबांनी मला पक्षी बघायला नेलं. हो, आपल्याच बाबांनी. गॅलरीत कबूतर बसलं तर वर्तमानपत्र हलवून हाकलायचे, तेच. उजाडायच्या आत दारात हजर, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर कानटोपी, आणि वर मलाच म्हणतात, "हे लाल जाकीट काढ, पक्षी बिचकतात." मग मी त्यांचंच कोपरात फाटलेलं जाकीट घालून निघाले. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटून मिळालेली एकुलती एक सुट्टी माझी, ती अशी.

खाली स्वतःच्या गाडीत, स्टिअरिंगवर, ग्रंथालयातल्या बाई होत्या. पुस्तक उशिरा परत केलं की चष्म्यावरून बघायच्या, त्या. आता निवृत्त झाल्यात. बाबा त्यांच्या शेजारी पुढे बसले. तिथला पट्टा अडकतो, तो हिसका देऊन कसा ओढायचा हे त्यांना न बघता जमलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आधी एका नांगरलेल्या शेताच्या बांधावर दवात गारठत उभे राहिलो. मी शिंकले की बाबा डोळे वटारायचे. मग त्यांनी बोट दाखवलं, "ती बघ टिटवी." बाई शांतपणे म्हणाल्या, "ते ढेकूळ आहे." आणि रस्ता चुकला तरी नकाशालाच नावं ठेवणारे आपले बाबा काय म्हणाले असतील? "हो का?" बस.

नंतर समुद्र. वाळूवर पळणाऱ्या चिखल्या, ती छोटी पाखरं, जवळून दिसाव्यात म्हणून बाबांनी गाडी थेट वाळूत घ्यायला लावली. ती रुतली. भरतीचं पाणी चढत होतं आणि हे म्हणतात, "जरा दमानं, उडतील त्या." शेवटी बाईंनीच पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चाकांखाली गाडीतली पायपुसणी सारली आणि मला मागून ढकलायला सांगितलं. गाडी निघाली, पण चाकांनी उडवलेली सगळी वाळू माझ्या अंगावर. बाबा पोट धरून हसायला लागले. आई गेल्यापासून ते हसणं ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला धड ओरडताही येईना. ह्याचाच जास्त राग आला.

थर्मासमधला चहा पिताना बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी मला लग्नाचं विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही." बाबा लांब जाऊन दुर्बीण डोळ्यांना लावून उभे, समोर एकही पक्षी नाही. "मुलगा त्यांच्याशी बोलत नाही. अशात मी त्या घरात आले, तर तो पुन्हा कधी यायचा नाही. आधी त्याचा फोन येऊ दे."

घरी आल्यावर मी बाबांना फैलावर घेतलं, हे मला आधी का सांगितलं नाही, तुला का सांगत नाहीत. ते बूट काढत म्हणाले, "त्याच्या आईचं कपाट मी रिकामं केलं म्हणून तो घर सोडून गेला. आता हे कोणत्या तोंडानं सांगू?"

धाकट्या, फोनवर बाबांचं नाव निघालं की तू विषय बदलतोस, म्हणून हे लिहिते आहे. आई गेल्यावर बाबा बाहेर सोफ्यावर झोपायचे. तिच्या साड्यांचा वास येतो, खोलीत झोप लागत नाही, म्हणायचे. कपाट रिकामं केलं तेव्हा कुठे आत जाऊ शकले. तुला सांगू नको, अशी मला ताकीद होती. ती आज मोडली. बाई मला आवडल्या का, ते अजून ठरलेलं नाही, केसांतून वाळू निघतेच आहे. पण तू बाबांना फोन कर. लग्नाचा विषय काढू नकोस, कपाटाचाही नको. नुसतं विचार, काल कोणते पक्षी दिसले. मग ते थांबायचेच नाहीत, आणि ते सगळं तुला ऐकून घ्यावं लागेल. मी एकटीनंच का सोसायचं?

तुझीच,
अजून चिडलेली ताई