अस्वलाचा सोटा

३ नोव्हेंबर, सोमवार

मी या चित्रपटाची कंटिन्यूइटी पाहतो. वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर. एका शॉटमध्ये लावलेले बटण पुढच्या शॉटमध्ये उघडे दिसू नये, एवढेच माझे काम. कामाच्या नोंदवहीत पडद्यावर दिसणारे तेवढेच लिहायचे असते. जे दिसणार नाही, त्याच्यासाठी आजपासून ही दुसरी वही.

चित्रपट सुट्टीतला, गाण्यांचा, सहकुटुंब पाहण्याचा. बडबडगीतांतली सारी जनावरे एका गावात राहतात. खट्याळ अस्वल सोटा घेऊन सर्वांच्या मागे धावते. अखेरच्या गाण्यात सगळी मिळून त्याला बडवतात — आणि मग गळ्यात गळे! सोटे आठ. सात स्पंजचे, मारण्यासाठी. एक सागवानी, जमिनीवर आपटून आवाज काढण्यासाठी. त्याच्या मुठीवर ओळखीसाठी पांढरा ठिपका होता. आज तो कॅमेऱ्यात आला, म्हणून मी बुजवून घेतला. आता आठही हुबेहूब.

दिग्दर्शक म्हणाले, "टाचणीकाका, तुमची नजर म्हणजे नजर!"

६ नोव्हेंबर

अस्वल झालेल्या नटाला सगळे दादा म्हणतात. चित्रपट त्याच्याच नावावर चालायचा. आज तो नाचात दोनदा चुकला. ससा झालेली नर्तकी — आमची ससुली — सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, डावा पाय आधी!" हशा पिकला. तो हसला नाही.

पुढच्या टेकला सोटा तिच्या पाठीत बसला. आवाज स्पंजचा नव्हता.

"अरेच्चा! लाकडाचा होता होय? मला काय ठाऊक — सगळे सारखेच दिसतात!"

७ नोव्हेंबर

ठिपका परत लावू या, असे मी सुचवले. दिग्दर्शक म्हणाले, "अर्धं गाणं बिनठिपक्याचं झालंय. तुम्हीच सांगा, जुळेल?"

जुळणार नाही.

११ नोव्हेंबर

पाच दिवसांत चौथा फटका. पाठ, कोपर, नडगी, आज दंड. आठ सोट्यांतला सागवानी त्याच्याच हातात नेमका कसा येतो? तो उचलून वजन पाहतो आणि मग घेतो. मी पाहिले आहे.

कोपरावरचा वळ कालच्यापेक्षा फिका झाला होता. एकाच गाण्यात वळाचा रंग बदलणे बरे नव्हे. रंगभूषेच्या बाईंना मी चिठ्ठी दिली : वळ गडद करावा.

ससुली म्हणाली, "काका, खऱ्या वळावर खोटा वळ? कमाल आहे तुमची!" ब्रश टेकला तशी ती कळवळली. मी फोटोशी ताडून पाहिले. जुळला.

१४ नोव्हेंबर

अस्वलाचा पोशाख वीस किलोंचा. दादाची पाठ धरते, म्हणून लांबच्या शॉटसाठी एक बदली माणूस घेतला आहे — निवृत्त व्यायामशिक्षक, हसतमुख. चार दिवस मी त्याला दादाची चाल शिकवत आहे : डावा खांदा पाडून, टाच घासत.

"साहेब, नातीला सांगितलंय, अस्वल तुझा आजोबाच! पण डुलायचं कुठे, ते पुन्हा एकदा दाखवा ना."

स्पंजचा सोटा उचलण्याआधीही तो मागे कोण उभे आहे ते पाहतो. चाल मात्र आता अशी जमली आहे की फरक मलाही कळत नाही.

१८ नोव्हेंबर

ससुलीची दोन बोटे मोडली! तिने तोंडावर हात घेतला म्हणून बोटांवर निभावले. पांढऱ्या केसाळ जाकिटावर रक्त. दादाने अस्वलाचे डोके उतरवून चहा मागवला. "सशाची जात. बावरायचीच."

प्लास्टर घालून आली तेव्हा ससुली म्हणाली, "काका, तक्रारीला साक्षीदार लागतो. तुम्ही तर रोज फोटो काढता."

मी फोटो घेऊन दिग्दर्शकांकडे गेलो. त्यांनी एकेक पाहिला. "जपून ठेवा हं. प्रत्येकाला तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी टाचली आहे — 'वळ गडद करावा.'"

२० नोव्हेंबर

हात शिवशिवत आहेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचे गाणे. सकाळी अस्वलाचा पोशाख तपासला : बटणे, शिवण, कानाची घडी — सर्व जुळले. सोटे मीच वाटले. सागवानी ससुलीला दिला. वजन हाताला लागताच तिने माझ्याकडे पाहिले. मग मोडक्या बोटांसकट दोन्ही हातांनी मूठ आवळली.

गाणे एवढे मोठ्याने लावले होते की ओरडणे कोणालाही ऐकू येऊ नये. पहिला फटका खांद्यावर. दुसरा गुडघ्यावर, अस्वल कोसळले. तिसरा डोक्यावर. मुखवटा तडकला. अस्वलाने दोन्ही पंजे जोडले.

"वा! काय तडफडतंय!" दिग्दर्शक ओरडले. "कॅमेरा चालू ठेवा!"

चौथा. पाचवा. कोंबडा, बदक, मांजर स्पंजच्या सोट्यांनी तालावर बडवत होते. मी काहीही टिपून घेतले नाही. एवढे गार वाटले!

जेवणाची सुट्टी झाल्यावर ही नोंद लिहिली. अस्वल अजून उठलेले नाही.

२१ नोव्हेंबर, दुपारी तीन

डोके कापून काढावे लागले. आत दादा नव्हता. त्याची पाठ सकाळीच धरली होती. तो आलाच नाही. मी पोशाख तपासला, माणूस तपासला नाही.

स्ट्रेचरवर व्यायामशिक्षकाच्या कानातून रक्त वाहत होते. मला पाहून म्हणाला, "साहेब, चाल जुळली ना?"

ही वही आणि सर्व फोटो, चिठ्ठ्यांसह, घेऊन पोलीस ठाण्यात जात आहे. सोटा मी दिला. ससुलीला काहीच ठाऊक नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, असे वर लिहिले आहे — ती माझी नजरचूक समजावी.

(सही)
कंटिन्यूइटी विभाग
नोंदींची खोली, स्टुडिओ क्रमांक दोन
२१ नोव्हेंबर