माझ्या मागे धावणारा माणूस

२ जून
आजपासून धावणे. निर्णय झाला. चर्चा नको.

कारण अप्पा. बाथरूममध्ये पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. डॉक्टर म्हणतात चाला. फिजिओ मॅडम म्हणतात चाला. वॉकर आणून ठेवलाय, त्यावर सध्या टॉवेल वाळत असतो. आमचे वडील चाकाच्या खुर्चीतून हलायला तयार नाहीत. आज मी जरा आवाज चढवून सांगितलं की माणसात विलपॉवर हवी. अप्पांनी पेपर खाली घेतला, माझ्या पोटाकडे बघितलं, पेपर परत वर घेतला.

मॅडमच्या सेंटरचा हॉल गळतो. नव्या छपरासाठी दहा किलोमीटरची मदत-दौड आहे, टेकडीमागच्या पायवाटांवरून. मॅडमनी दिलेलं पत्रक अप्पांनी माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, तू ही पुरी कर, त्या दिवशी मी या खुर्चीतून उठतो. मी जागच्या जागी कबूल झालो. त्यावर अप्पा एकदम निवांत झाले, दुपारी छान झोपले. केवढा विश्वास आहे त्यांचा माझ्यावर.

३ जून
पाऊस. पहिलाच दिवस ओल्यात नको, स्नायू आखडतात. त्याऐवजी बूट आणले. खास चिखलाचे. दुकानदार म्हणाला, ग्रिप अशी आहे की जमीन सोडणार नाही. घरात घालून दोन चकरा मारल्या. ही म्हणाली, फरशीवर डाग पडतात, काढा. या घरात प्रोत्साहन मिळतं ते असं.

७ जून
पाऊस. बूट घालून खिडकीत उभा राहिलो. मेंटल ट्रेनिंग.

१२ जून
विश्रांती हा ट्रेनिंगचा निम्मा भाग असतो. गाद्यांच्या शोरूममध्ये इतकी वर्षं काढल्यावर हे मला कुणी शिकवायला नको. आज दुपारी ऑर्थोपेडिक मॉडेलवर जरा पाठ टेकली. मालकांनी हलवून उठवलं तेव्हा पायाशी एक नवरा-बायको उभे होते. मालक नको ते बोलले. पण त्या जोडप्याने तीच गादी घेतली, हे मालक सोयीस्कर विसरतात. ती डेमो होती.

१९ जून, संध्याकाळ
धावलो!! घरापासून थेट औषधांच्या दुकानापर्यंत. परत येताना बस मिळाली म्हणून घेतली, समोर आलेली बस सोडायची म्हणजे काय. कंडक्टरने सीटवर बसू दिलं नाही, कपडे निथळत होते. तिकीट मात्र पूर्ण.

अप्पांनी विचारलं किती झालं. मी म्हणालो, अंतराला महत्त्व नसतं, सातत्याला असतं. बरं म्हणाले आणि पाणी मागितलं. ग्लास त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. हाताच्या! मुकाट्याने उचलून दिला. माणसाने किती चिडायचं याला मर्यादा असते.

२५ जून
आज शोरूमला निघताना छत्री विसरली म्हणून परत आलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. अप्पा खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून उठायचा प्रयत्न करत होते. जेमतेम वर आले. गुडघे थरथरायला लागले, तसे धप्पकन बसले आणि दाराकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मी दाराआड होतो. आत गेलो नाही. छत्रीही घेतली नाही.

दिवसभर भिजलेल्या कपड्यांत गाद्या विकल्या. खूप राग आला होता. कुणाचा, ते ठरवता आलं नाही.

उद्यापासून रोज धावणे. सबब नको.

२६ जून
सर्दी.

५ जुलै
उद्या दौड. सर्दीमुळे सराव थोडा मागे पडला, पण त्यामुळे मी ताजातवाना आहे. बाकीचे सगळे सराव करून दमलेले असणार. प्लॅन: सुरुवात संथ, मग शेवटी एकेकाला गाठायचं.

अप्पांना सांगितलं, उद्या तयार राहा, ही आणि मॅडम तुम्हाला फिनिशच्या कमानीपाशी घेऊन येतील. अप्पांनी पेपर परत वर घेतला. रात्री नीट जेवले नाहीत. म्हणाले, एवढा पाऊस आहे, रद्द होईल का रे? मी म्हणालो, काळजी करू नका, मी आहे.

६ जुलै, सकाळ
मुसळधार. रद्द नाही. फोन करून दोनदा विचारलं, अप्पांसाठी.

६ जुलै, संध्याकाळ
संयोजनाबद्दल लेखी तक्रार करणार. मुद्दे विसरायच्या आत लिहून ठेवतो.

शिट्टी झाली आणि सगळे उधळले. अशी घाई नडते. मी प्लॅनप्रमाणे संथ. पहिल्याच वळणावर उजवा बूट चिखलात रुतला आणि पाय मोजा घेऊन बाहेर आला. ग्रिप खरोखरच जमीन सोडत नाही. दुकानदाराचीही तक्रार करणार.

बूट उपसताना लक्षात आलं की माझ्या मागे एक माणूस आहे. रेनकोट, हातात काठी, खांद्यावर गोणी. मी निघालो की तो निघे. मी थांबलो की तोही थांबे आणि उगाच झाडाझुडपांत काहीतरी खुडबुड करत राही. मग उलगडा झाला. तो माझा वेग धरून पळत होता. अनुभवी धावपटूच्या मागे नवखे असे चिकटतात. सुरुवातीला बरं वाटलं. नंतर डोक्यात जायला लागलं. म्हटलं, पुढे व्हा. तर म्हणतो, तुम्ही चला सावकाश, मला घाई नाही.

सावकाश! मी सगळा जोर लावून पळत होतो.

ओढा ओलांडला, पडलो. चढ आला, पडलो. तो मागे आहेच. वर विचारतो, दमलात का, कुणाला बोलावू का. शेवटी मी युक्ती केली. एका मोठ्या दगडाआड लपलो. त्याने हाका मारल्या, इकडेतिकडे बघितलं आणि घाबऱ्या घाबऱ्या पुढे पळाला. मी केळं खाल्लं. आता शेवटच्या टप्प्यात त्याला गाठायचं, असा बेत.

बाहेर येऊन बघतो तर वाट दाखवणारे लाल झेंडे गायब! इथवर झाडाझाडाला होते, पुढे एकही नाही. फाट्यावर तीन वाटा. सगळ्यात रुंद घेतली. कोंबड्यांची शेड. मग दुसरी घेतली. काटेरी कुंपण. तिसरी घेतली आणि बऱ्याच वेळाने एका दगडापाशी पोचलो. खाली माझंच केळ्याचं साल. तिथे पाय मुरगळला. अप्पा पावसात वाट बघत असतील, हे आठवलं आणि खरं सांगतो, रडू आलं.

कसाबसा डांबरी रस्ता गाठला. दौडीचे बॅरिकेड गोळा करणारा टेम्पो आला, मागे चढलो.

मैदानात मांडव निम्मा उतरवलेला. कमानीखाली अप्पांची खुर्ची रिकामी. 

मग कमानीपलीकडे बघितलं. अप्पा चिखलात उभे होते. वॉकर निम्मा रुतलेला, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला ही, आणि तोंड टेकडीकडे. गोणीवाल्याने येऊन सांगितलं होतं की शेवटचा माणूस हरवला. त्यावर अप्पा म्हणाले म्हणे, बसला असेल कुठेतरी, लहानपणापासून तसाच आहे तो. आणि उठले. या दोघी वॉकर घेऊन मागे धावल्या.

मी टेम्पोतून लंगडत उतरलो. अप्पांनी वळून विचारलं, तू इकडून कसा?

मग ते एकेक पाऊल टाकत कमानीतून परत आले. तिथल्या मुलीकडे शेवटच्या धावपटूसाठी राखून ठेवलेलं एकच मेडल उरलं होतं. तिने ते अप्पांच्या गळ्यात घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

तेवढ्यात गोणीवाल्याने गोणी रिकामी केली. आत सगळे लाल झेंडे! मी त्याची कॉलरच धरणार होतो. मॅडम मध्ये पडल्या. शेवटच्या धावपटूच्या मागे राहायचं आणि येता येता झेंडे काढून आणायचे, हेच म्हणे त्याचं काम. हे मला आधी सांगायला काय झालं होतं?

९ जुलै
घोटा सुजलाय. हाड शाबूत आहे. डॉक्टर म्हणतात, थोडं थोडं चाला. यांना काय कळतं.

अप्पा सकाळपासून वॉकर घेऊन घरभर ठकठक करत हिंडतात, गळ्यात मेडल. खुर्ची मोकळीच होती, म्हणून मी बसलोय. टॉवेल आता माझ्या पायाखाली असतो.

मघाशी अप्पा माझ्यासमोर येऊन थांबले. घोट्याकडे बघितलं, मग पोटाकडे. आता विलपॉवर काढतील म्हणून मी तयार होतो. तसलं काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, पाणी देऊ का?

ग्लास हाताच्या अंतरावर होता. मी हो म्हणालो.