शेडमधली ठोकाठोक

३ मार्च
आलो एकदाचे नव्या घरात! खोल्या ऐसपैस, नळाला भरपूर पाणी, आणि मागच्या शेडमध्ये, मला अजून खरं वाटत नाही, एक जुनी गाडी. चाकं बसलेली, पत्रा गंजलेला, पण घाट काय सुरेख! मालकीणबाई पुढच्या भागात एकट्याच राहतात. गाडी त्यांच्या यजमानांची. ते स्वतःच ती दुरुस्त करत होते, पण काम अर्धवट राहिलं, आणि पुढे तेही गेले. हवी तर घ्या, म्हणाल्या. मी तोवर बाह्या सरसावल्याही होत्या. बायको म्हणाली, सामान लागायच्या आधीच सवत आणलीत. लेकीला, छकुलीला, मागच्या सीटवरून उठवता उठवता आमच्या नाकी नऊ आले.

६ मार्च
बॉनेट, दिवे, पुढच्या सीटा काढल्या. माझी पद्धत ठरलेली आहे: काढलेला स्क्रू त्याच्याच भोकात परत फिरवून ठेवायचा, म्हणजे हरवत नाही. चारही दारांना आतून हँडलंच नव्हती, पण स्क्रू मात्र जागच्या जागी फिरवलेले. म्हणजे तो माणूस माझ्याच पठडीतला! हँडलं फळीवर फडक्यात गुंडाळलेली सापडली, लगेच बसवून टाकली. सीटखाली केसांची एक लाल पिन मिळाली. छकुलीला हवी होती, पण गंजलेली म्हणून फळीवर ठेवली. आतून दार उघडून बाहेर येताना छकुली म्हणाली, आता ताईलापण येता येईल. मुलांचं काय, कुठूनही ताई काढतात.

९ मार्च
मागचं दार रोज सकाळी उघडं असतं. मी लावतो, ते परत उघडतं. काचेवर आतून बोटांचे ठसे, पुसले तरी पुन्हा उमटतात. छकुली हल्ली खेळता खेळता मागच्या सीटवरच झोपून जाते, म्हणून तिला दटावलं. तिने ठशावर हात ठेवून दाखवला. तिचा हात लहान भरला. मला ते आवडलं नाही.

११ मार्च
मालकीणबाई आल्या. भर दुपारी ठोकत जाऊ नका, म्हणाल्या. दुपारी मी घरी नव्हतोच. तसं सांगितल्यावर त्या शेडकडे बघत पायरीवर बसल्या.
मग सगळं बोलल्या. यजमानांनी हँडलं घासायला म्हणून काढली होती. एका रणरणत्या दुपारी ते कुठलातरी सुटा भाग आणायला बाजारात गेले. त्यांची मुलगी मागच्या सीटवर चढली, दार लागलं. ती काच बडवत राहिली. बाईंना आवाज येत होता, पण वाटलं, हेच ठोकताहेत, रोजच्यासारखे. सारखी अण्णा, अण्णा करत बापामागे असायची, म्हणाल्या.
गाडी भंगारात जाणार. छकुलीला शेडमध्ये पाऊल टाकू देणार नाही.

१२ मार्च
भंगारवाला परवा येतो म्हणाला. तोवर काय करायचं?
शेडच्या धुळीत पावलं. गाडीपासून घराकडे. परत गेलेली नाहीत —

१३ मार्च
सकाळी हँडलं काढून टाकली. जे काही आहे ते आतच राहू दे. आत वाकून बघायची हिंमत झाली नाही, तशीच दारं लावली. स्क्रू सवयीने परत फिरवले. हँडलं इथे टेबलावर आहेत. आता जरा बरं वाटतंय.
ऊन तापलंय. छकुली समोर बसून चित्र काढतेय. सकाळपासून हट्ट नाही, दंगा नाही.
बायकोने आतून हाक मारली. पुरे ती ठोकाठोक, जेवायला या, म्हणाली.
मी तर इथे बसलोय.
आवाज शेडमधून येतोय. पण छकुली तर —
तिच्या केसांत लाल पिन आहे.
तिने वर पाहिलं. म्हणाली, अण्णा, तिकडे लक्ष देऊ नका.
छकुली मला बाबा म्हणते.
कागदावर टेकलेला तिचा हात — मोठा आहे —
ती उठून दारात आडवी उभी राहिली.
ठोकणं हळू होत चाललंय. हँडलं मी — माझ्याच हातांनी — छकु